ऐंशी वाद्यांपुढे एक पियानो

मायक्रोफोनशिवाय होणारा संगीताचा कार्यक्रम तुम्ही कधी ऐकला आहे का? गणेशोत्सवातील गाणी, शाळेचे स्नेहसंमेलन, नाट्यगृहातील नाटक, इतकेच काय, पन्नास माणसांपुढचे भजनदेखील हल्ली मायक्रोफोनवाचून होत नाही. आता असे दालन डोळ्यांपुढे आणा की ज्यात हजार माणसे बसली आहेत, रंगमंचावर सत्तर-ऐंशी वादक आहेत आणि आवाज मोठा करणारे एकही यंत्र नाही. पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंदाचा कार्यक्रम असा असतो. तो ऐकायला परदेशीच जावे लागते असे नाही. मुंबईत १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. जगप्रसिद्ध संचालक झुबिन मेहता हे त्यांचेच चिरंजीव. २००६ साली नरिमन पॉइंट येथील एनसीपीए या संस्थेत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद सुरू झाला. त्याचे मोठे कार्यक्रम तेथील जमशेद भाभा नाट्यगृहात होतात. १९९९ साली उघडलेल्या या नाट्यगृहात सुमारे अकराशे आसने आहेत.

अशा कार्यक्रमात पुष्कळदा एखादा पाहुणा पियानोवादक येतो आणि वाद्यवृंदाच्या साथीने ‘कन्चेर्टो’ वाजवतो. कन्चेर्टो म्हणजे एक वाद्य आणि सारा वृंद यांच्यासाठी रचलेले संगीत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे लगेच एक प्रश्न पडायला हवा. पियानो एक, आणि त्याच्या मागे व्हायोलिने, चेलो, बासऱ्या, तुताऱ्या, नगारे अशी ऐंशी वाद्ये. तरी त्या एका पियानोचा स्वर शेवटच्या रांगेत कसा ऐकू येतो? पियानोचा आवाज फार मोठा असतो, असे उत्तर कोणी देईल. ते अर्धेच खरे आहे.

कार्यक्रमाला गेलात तर पहिला स्वर वाजण्याच्या आधीपासून लक्ष ठेवा. सर्व वाद्ये एका स्वरात लावली जातात, तेव्हा एरवी ओबो हे वाद्य एक लांब स्वर देते व बाकीचे त्याच्याशी आपले वाद्य जुळवतात. हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा, म्हणजे ४४० हर्ट्‌झचा असतो. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत ही पांढरी सहा. (युरोपातील काही वाद्यवृंद थोडा चढा, ४४२ किंवा ४४३ हर्ट्‌झचा स्वर धरतात.) परंतु पियानो रंगमंचावर असला की ओबोचा मान जातो. प्रमुख व्हायोलिनवादक पियानोपाशी जाऊन तीच पट्टी दाबतो आणि सारा वृंद, ओबोसकट, पियानोच्या स्वराला जुळवून घेतो. पाहुण्याचा मान म्हणून हे होते असे समजू नका. पियानोला हलवताच येत नाही, हे त्याचे कारण.

पियानोत ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात. खालच्या जाड स्वरांना एकेक तार, त्यांच्या वरच्यांना दोन-दोन आणि बाकी साऱ्यांना तीन-तीन. प्रत्येक तार साधारण ७० ते ८० किलोग्रॅम वजन टांगावे इतकी ताणलेली असते. सगळ्यांचा ताण मिळून अठरा टनांच्या आसपास जातो, म्हणजे चार-पाच हत्तींचे वजन! तारेची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, हे सोनोमीटरच्या प्रयोगात तुम्ही शिकाल. तेव्हा ४४० हर्ट्‌झचा पियानो ४४२ वर न्यायचा झाल्यास ताण शेकडा ०.९ ने वाढवावा लागेल. अठरा टनांचे शेकडा ०.९ म्हणजे सुमारे १६० किलोग्रॅम. हा जादा ताण २३० खुंट्या किल्लीने एकेक करून पिळून आणायचा. हे काम तासाभराहून अधिक वेळ खाते. म्हणून ते कार्यक्रमाच्या आधी, रिकाम्या दालनात उरकलेले असते. एकदा प्रेक्षक आत आले की पियानो आहे तसा राहणार आणि इतरांनी त्याच्याकडे जायचे.

बरे, इतर वाद्ये तरी एका जागी राहतात का? हवेतील ध्वनीचा वेग, तापमान सेल्सिअसमध्ये धरल्यास, सेकंदाला सुमारे (३३१ + ०.६ × तापमान) मीटर असतो. वातानुकूलित दालन २० अंशांवर असेल तर तो ३४३ मीटर होतो. दिव्यांच्या आणि माणसांच्या उष्णतेने रंगमंच २५ अंशांवर गेला तर ३४६. फुंकून वाजवायच्या वाद्यात नळीची लांबी तीच राहते, म्हणून वेग वाढला की वारंवारताही त्याच प्रमाणात वाढते. ४४० चे जवळजवळ ४४४ होतील. प्रत्यक्षात वादकाच्या श्वासाने नळीतील हवा आधीच कोमट झालेली असते, त्यामुळे एवढा फरक पडत नाही. पण स्वर चढतो तो वरच. तारांचे वागणे नेमके उलटे. उष्णतेने तार किंचित लांबते, ढिली पडते आणि स्वर उतरतो. म्हणजे रंगमंच तापू लागला की अर्धी वाद्ये वर निघाली आणि अर्धी खाली! वादक ओठांनी आणि बोटांनी ही ओढाताण सतत सांभाळत असतात. दोन भागांच्या मधल्या शांततेत कुणी व्हायोलिनची खुंटी हळूच फिरवताना दिसला तर त्याचे कारण आता तुम्हांला ठाऊक आहे.

स्वर जुळला की नाही हे कान कसे ओळखतो? दोन स्वर जवळजवळ सारखे असले की एकत्रित आवाज लहान-मोठा, लहान-मोठा होऊ लागतो. यांना विस्पंद म्हणतात. ४४० आणि ४४४ एकत्र वाजले तर सेकंदाला चार विस्पंद ऐकू येतात. शाळेत सारख्या वारंवारतेचे दोन नादकाटे असतील तर एकाच्या भुजेला थोडे मेण चिकटवा आणि दोन्ही एकदम वाजवा. ‘वाँऽव-वाँऽव’ असा आवाज स्पष्ट येईल. वाद्यवृंद स्वर लावत असताना जी कालवाकालव ऐकू येते ती अशा असंख्य विस्पंदांची असते. ते संथ होत होत नाहीसे झाले की वाद्य लागले.

पण एक पेच यानंतरही उरतो. व्हायोलिनच्या चार तारा एकमेकींशी षड्‌ज-पंचमाच्या नात्याने, म्हणजे ३ : २ या गुणोत्तराने लावतात. ४४० च्या खालची तार त्यामुळे २९३.३३ वर येते आणि त्याच्याही खालची १९५.५६ वर. पियानोत मात्र सप्तकाचे बारा अगदी समान भाग पाडलेले असतात. प्रत्येक स्वर मागच्या स्वराच्या १.०५९५ पट. त्यामुळे पियानोवरचे हेच स्वर २९३.६६ आणि १९६.०० येतात. फरक बारीक आहे, पण आहे. पेटीचेही असेच असते. षड्‌ज २४० धरला तर तानपुऱ्यात ऐकू येणारा गंधार ३०० चा आणि पेटीचा ३०२.४ चा! आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला मज्जाव केला होता, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. व्हायोलिनवर पडदे नसतात; बोट तारेवर कोठेही ठेवता येते. म्हणून वादक पियानोबरोबर वाजवताना कानाने ऐकत बोट केसभर सरकवून घेतो. जमवून घेण्याची जबाबदारी पुन्हा वृंदाचीच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ऐंशी वाद्ये म्हणजे ऐंशीपट आवाज, असे तुमच्या मनात असेल तर ते काढून टाका. ध्वनीची तीव्रता ऐंशीपट होते हे खरे, पण आपला कान तीव्रता तशी मोजत नाही. तीव्रता दहापट झाली की पातळी १० डेसिबेलने वाढते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. एक व्हायोलिन तुमच्या आसनापाशी ६० डेसिबेल ऐकू येत असेल तर सोळा व्हायोलिने मिळून ७२ डेसिबेल होतील. कानाला सव्वादोन पटीहून थोडे जास्त. सारख्याच ताकदीची ऐंशी वाद्ये एकदम वाजली तर १९ डेसिबेल वाढतील, म्हणजे जेमतेम चौपट. वाद्यवृंदातील व्हायोलिनांची गर्दी आवाज वाढवण्यापेक्षा तो भरीव आणि मऊ करण्यासाठी अधिक उपयोगी पडते, असे मला वाटते. तेव्हा पियानोसमोरचा शत्रू दिसतो तेवढा मोठा नाही.

शिवाय पियानो तरी एकटा कोठे आहे? दहा बोटांनी दहा पट्ट्या दाबल्या की तीसच्या आसपास तारा एकदम वाजतात. उजव्या पायाखालची पट्टी दाबली की सर्व तारांवरचे नमद्याचे अडसर उचलले जातात आणि न वाजवलेल्या तारासुद्धा अनुनादाने गुणगुणू लागतात. पण नुसती तार हवा फारशी हलवत नाही. नादकाटा हातात धरून वाजवला तर क्षीण ऐकू येतो, त्याचे देठ टेबलावर टेकवले की मोठा ऐकू येतो. येथे टेबलाचे काम पियानोतील ध्वनिफळी करते. ही स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, सेंटिमीटरपेक्षाही पातळ, पण चांगली ऐसपैस फळी असते. मोठा कार्यक्रमी पियानो सुमारे पावणेतीन मीटर लांब आणि पाच क्विंटलच्या आसपास भरतो. यातले बरेचसे वजन बिडाच्या सांगाड्याचे. तो नसता तर अठरा टनांच्या ताणाने लाकडाची पेटी दुमडून गेली असती.

पियानोवर उघडे ठेवलेले झाकण नुसते शोभेचे नाही. ते एक परावर्तक आहे. वर जाणारा ध्वनी त्याच्यावर आपटून प्रेक्षकांकडे वळतो, आरशावर प्रकाश वळतो तसा. पण सर्व स्वरांना हा आरसा सारखा उपयोगी पडत नाही. १०० हर्ट्‌झच्या खर्जाच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, झाकणापेक्षाही मोठी. असा तरंग झाकणाला वळसा घालून निघून जातो. २००० हर्ट्‌झच्या तरंगाची लांबी मात्र १७ सेंटिमीटर भरते आणि त्याला हे झाकण भिंतीसारखे वाटते. म्हणजे पियानोच्या आवाजातील नेमका लखलखीत भाग श्रोत्यांकडे पाठवला जातो. आणि आपला कान सर्वांत तिखट कोठे असतो? साधारण २००० ते ५००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात. वाद्यवृंदाच्या आवाजाचा मोठा वाटा याच्या बराच खाली, ५०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. ऑपेरातील गायक मायक्रोफोनशिवाय वाद्यवृंदावर मात करतात तीही याच फटीतून. त्यांच्या आवाजात ३००० हर्ट्‌झजवळ खास जोर असतो.

तरीही पियानोचे खरे शस्त्र मला वेगळेच वाटते. ते म्हणजे स्वराचा आरंभ. पट्टी दाबली की आतली नमद्याने मढवलेली हातोडी उडते, तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. तारेला तिचा स्पर्श सेकंदाचे काही सहस्रांश एवढाच होतो. या क्षणिक टकरीचे गणित सोपे नाही. कलकत्त्यात सी. व्ही. रामन आणि त्यांचे सहकारी बॅनर्जी यांनी १९२० साली त्यावर संशोधन लेख प्रसिद्ध केला होता. प्रकाशावरील ज्या शोधासाठी रामन यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले, तो शोध नंतरचा, १९२८ चा. त्याआधी व्हायोलिन, पियानो, तबला, मृदंग यांनी त्यांना वेड लावले होते. गजाने छेडलेला व्हायोलिनचा स्वर मानाने सावकाश उभा राहतो. पियानोचा स्वर एकदम उसळतो. सततच्या आवाजात एखादा ठोका आपला कान चटकन पकडतो. गर्दीच्या गोंगाटातही कुणी टिचकी वाजवली तर आपण वळून पाहतो, तसे.

हा आरंभ किती महत्त्वाचा आहे हे घरीच पाहता येईल. पियानोचा एखादा संथ तुकडा मोबाइलवर घ्या आणि ध्वनी उलटा वाजवणाऱ्या ॲपमधून शेवटाकडून सुरुवातीकडे ऐका. वारंवारता त्याच, तारा त्याच. पण जे ऐकू येईल ते पियानोपेक्षा पेटीसारखे वाटेल.

मात्र या शस्त्राला एक दुबळी बाजू आहे. पियानोचा स्वर वाजला त्या क्षणापासून विरू लागतो. व्हायोलिनवादक गज ओढत राहील तोवर स्वर धरून ठेवतो, पियानोवादकाला ते शक्य नाही. म्हणून कन्चेर्टो रचणारे संगीतकार पियानोला लांब स्वर देण्याऐवजी झरझर चढणाऱ्या-उतरणाऱ्या सरी, दोन हातांनी सप्तकांच्या अंतरावर वाजणारे जोड-स्वर, थरथरणारे स्वर देतात. ठोका विरण्याआधी दुसरा ठोका! आणि जेथे पियानो नाजूक वाजणार तेथे ते वृंदाला सरळ गप्प बसवतात. बेटहोव्हेनचा चौथा पियानो कन्चेर्टो व्हिएन्नात २२ डिसेंबर १८०८ रोजी पहिल्यांदा जाहीरपणे वाजला, तेव्हा पियानोवर स्वतः बेटहोव्हेनच होता. दालन कडाक्याचे थंड होते आणि कार्यक्रम चार तास चालला. या रचनेची सुरुवात एकट्या पियानोने, तीही हलक्या आवाजात होते. तिच्या दुसऱ्या भागात तंतुवाद्ये दरडावून बोलतात, थांबतात, आणि मग पियानो हळू आवाजात उत्तर देतो. त्या काळचा पियानो लाकडी सांगाड्याचा होता. दरडावणाऱ्यावर ओरडणे त्याला झेपलेच नसते. एकसंध बिडाच्या सांगाड्याचे एकस्व बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने १८२५ साली घेतले. पुढे चायकोव्हस्कीचा पहिला कन्चेर्टो १८७५ मध्ये बॉस्टन येथेच प्रथम वाजला. त्याच्या आरंभी सारी तंतुवाद्ये एक विशाल चाल वाजवत असतात आणि पियानो खर्जापासून तारापर्यंत धडाधड स्वरपुंज आपटत त्यांच्या बरोबरीने चालतो. दोन्ही रचना लागोपाठ ऐका. मधल्या सदुसष्ट वर्षांत कारखान्यांत काय घडले ते कानाला कळेल.

संचालकाची छडी कशासाठी, असे पुष्कळ मुले विचारतात. टिंपनीवाला संचालकापासून पंधरा मीटर मागे बसला असेल तर पियानोचा आवाज त्याच्याकडे पोहोचायला सेकंदाचे सुमारे ४३ सहस्रांश लागतात. ऐकून ठोका द्यायचा म्हटले तर त्याचा आवाज परत पुढे येईपर्यंत आणखी ४३ गेले. जलद लयीत एवढा विलंब सरळ बेताल वाटेल. प्रकाशाला तेवढ्या अंतरासाठी लागणारा वेळ नगण्यच. म्हणून मागचे वादक कानापेक्षा डोळ्यांवर विसंबतात, आणि अनुभवी वादक किंचित आधीच वाजवतात.

शेवटचे वाद्य म्हणजे दालन. भिंतींवरून वारंवार परावर्तन होऊन आवाज मागे रेंगाळतो, त्याला निनाद म्हणतात. आवाज ६० डेसिबेलने खाली यायला लागणारा वेळ हा निनादकाल. भाषणासाठी तो एक सेकंद किंवा कमी चांगला, सिंफनीसाठी दोन सेकंदांच्या आसपास हवा. फार वाढला तर पियानोच्या जलद सरींचा लगदा होतो. फार कमी झाला तर व्हायोलिने कोरडी वाटतात. एकाच दालनात दोघांना खूश ठेवायचे! हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने १८९५ पासून यावर रात्री-रात्री प्रयोग केले. साधने म्हणजे ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे साधन, आणि शेजारच्या नाट्यगृहातून वाहून आणलेल्या आसनांच्या गाद्या. दालनात जितक्या गाद्या जास्त, तितका निनाद कमी. त्यातून सूत्र मिळाले : निनादकाल = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. या सूत्रावर आधारून बांधलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली उघडले.

सूत्र वापरून पाहू. एका कल्पित दालनाचे घनफळ १५,००० घनमीटर आहे आणि प्रेक्षकांसह शोषण १,२०० चौरस मीटर. निनादकाल येतो जवळजवळ दोन सेकंद. यांत हजार प्रेक्षक आहेत व प्रत्येक जण सुमारे अर्धा चौरस मीटर शोषतो. प्रेक्षक उठून गेले आणि आसने नुसत्या लाकडाची असली, तर शोषण ७०० वर येऊन निनादकाल साडेतीन सेकंदांजवळ जाईल. सकाळी रिकाम्या दालनात सराव करणाऱ्या पियानोवादकाला संध्याकाळी दुसऱ्याच दालनात आल्यासारखे वाटेल. त्यासाठी चांगल्या दालनात गादीची आसने बसवतात. रिकामे आसन माणसाइतकाच आवाज शोषते.

तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. पियानोच्या पट्ट्या प्रेक्षकांच्या डाव्या हाताला येतात. बोटे पाहायची असतील तर डावीकडचे आसन घ्या, झाकणावरून येणारा आवाज पुरेपूर हवा असेल तर मध्यावर किंवा जरा उजवीकडे बसा. एका भागाचा शेवट झाला म्हणून टाळ्या वाजवू नका. कन्चेर्टोचे बहुधा तीन भाग असतात. शेवटचा स्वरपुंज वाजून सर्वांचे हात थांबले तरी संचालकाचा हात वर असतो. त्या वेळी निनाद ऐकू येईनासा होईपर्यंत ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे मनात मोजून पाहा. मोबाइल बंद असल्यामुळे सेकंदकाटा मिळणार नाही.